चुन्याची टोपी

दिवाळीच्या पहाटे धडधडणारा तांब्याचा बंब आता बहुतेक घरांतून गेला. पण विजेच्या गीझरलाही आतून पांढरी पुटे चढतातच. विहिरीचे जड पाणी तापले, की त्यात विरघळलेला चुना खाली बसतो. असाच चुना एकदा जगभरच्या समुद्रांत बसला, आणि त्याची पुटे आज आफ्रिकेतल्या नामिबियाच्या डोंगरांत उघडी पडली आहेत.

तिथे खालचा थर हिमनद्यांनी आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा, आणि त्याला अगदी लगटून वर डोलोमाइटचा, म्हणजे चुनखडकाच्या सख्ख्या भावाचा. पहिला कडाक्याच्या थंडीचा, दुसरा उबदार पाण्याचा. शेजार विचित्र खरा! भूशास्त्रज्ञ वरच्या थराला 'टोपी' म्हणतात.

१९९८ मध्ये पॉल हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शेजाराचा उलगडा मांडला. सुमारे ६३.५ कोटी वर्षांपूर्वी जे हिमयुग संपले, त्यात बर्फ थेट विषुववृत्तापर्यंत पोचले होते. पाऊस जवळजवळ थांबला, खडकांची झीज थांबली; ज्वालामुखींना मात्र रजा कुठली? त्यांचा कार्बन डायऑक्साइड लक्षावधी वर्षे हवेत साठत गेला, आणि अखेर त्याच्या उबेने बर्फ वितळले. मग कोसळला तो सोडावॉटरचाच म्हणावा असा पाऊस, तोही हिमनद्यांनी पीठ करून ठेवलेल्या खडकांवर. नद्यांनी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट समुद्रात इतके ओतले, की त्याला ते पेलवेना.

हे किती काळात घडले, यावर पंडितांचे भांडण आहे. काही हजार वर्षांत आटोपले, असे एक पक्ष म्हणतो. पण काही ठिकाणच्या टोप्यांत पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव पुनःपुन्हा उलटल्याच्या खुणा आहेत, आणि ध्रुव काही रोज कूस बदलत नाहीत. मराठीच्या मास्तराच्या मताला इथे किंमत असेल, तर ते सावकाशवाल्यांकडे झुकते.

त्या पावसाने खडकांतला फॉस्फरसही समुद्रात नेला असणार. याच्याही आधीचे एक हिमयुग सुमारे ६६ कोटी वर्षांपूर्वी संपले, तेव्हाही बहुधा हेच घडले. योखेन ब्रॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या खडकांत शैवालांच्या स्निग्धांशाचे अवशेष शोधले. २०१७ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की तोवर समुद्रात जिवाणूंचेच राज्य होते, आणि बर्फ गेल्यावर दीड कोटी वर्षांच्या आत शैवाले बोकाळली. फॉस्फरसाचे खत मिळाल्यामुळेच, असा त्यांचा तर्क. प्राणी पंगतीला आले ते त्यानंतर.