ढोलकीवाल्याचे कान

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाफडांच्या राहुट्या लागतात आणि जुन्नर-आंबेगावचेच नव्हे तर दूरदूरच्या गावांचे पंच यात्रेची सुपारी देण्यासाठी तेथे येऊन बसतात, तेव्हा वग कोणता, सोंगाड्या कसा, या चौकशीइतक्याच, किंबहुना अंमळ अधिक आस्थेने, हल्ली आणखी एक प्रश्न विचारला जातो: साउंड केवढा? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांच्या या गावात ढोलकीच्या थापेला कर्ण्यांची जोड मिळाल्याला पुष्कळ वर्षे लोटली; परंतु त्या कर्ण्यांच्या सान्निध्यात रात्रीमागून रात्री बसून वाजविणाऱ्या मनुष्याच्या कानांची विचारपूस करण्याची रीत अद्याप पडलेली नाही.

नामांकितांच्या कानांची मात्र जगाला खबर असते. बेथोव्हेनने १८०१ साली आपल्या वैद्यमित्राला पत्र लिहून, कान अहोरात्र गुणगुणत असल्याचे दुःख कळविले. चेक संगीतकार स्मेतानाने तर, बहिरेपण आल्यावर १८७६ साली रचलेल्या चतुष्तंतुवाद्य-रचनेच्या अखेरच्या भागात, व्हायोलिनचा एक लांबलचक तीव्र स्वर योजून आपल्या कानातली ती जीवघेणी शिटी श्रोत्यांनाही ऐकविली. विल्यम शॅटनर या नटाला ही व्याधी ‘स्टार ट्रेक’च्या चित्रीकरणातील एका स्फोटाने जडली; आणि जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत ज्यांच्या गाण्याच्या तिकिटांसाठी झुंबड उडाली ते ‘कोल्डप्ले’चे ख्रिस मार्टिन, पोरवयात फार मोठ्याने संगीत ऐकल्याचे हे फळ आहे असे सांगून, रंगमंचावर कानांत बोळे घालून उभे राहतात. आपल्याकडे जून २०२४ मध्ये अलका याज्ञिक यांनी श्रवणनाडीच्या विकाराने ऐकू येईनासे झाल्याचे स्वतः जाहीर केले. त्यांच्या बाबतीत निदान विषाणूचे होते, तरी कर्कश संगीत आणि हेडफोन यांविषयी सावध करण्यास त्या विसरल्या नाहीत. अमुक ढोलकीपटूचे कान वाजतात, अशी बातमी मात्र मी आजवर वाचलेली नाही.

व्याधी नवी नव्हे. सुश्रुतसंहितेतील २८ कर्णरोगांत कर्णनादाची गणना आहे, आणि माधवनिदानात तर रोग्याला भेरी, मृदंग, शंख यांचे ध्वनी ऐकू येतात असे म्हटले आहे. वाद्यांची ही निवड पाहून, त्या काळच्या वैद्यांकडेही मिरवणुकीतलेच रोगी येत असावेत की काय, अशी शंका मला चाटून जाते. आजचे शास्त्र सांगते की अंतःकर्णातील शंखाकृती नळीत ज्या सूक्ष्म केशपेशी असतात त्या अतिध्वनीने एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि त्यांच्याकडून येणारा संदेश क्षीण झाला म्हणजे मेंदू आपली ग्रहणशक्ती वाढवू लागतो. माईक मुका झाला असता यंत्रावरचा माणूस खुंटी पिळीत जातो आणि कर्ण्यातून नुसतीच सूं-सूं निघते, तशातलाच हा प्रकार. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसवतो, पण १०० डेसिबलला जेमतेम पाव तासाची मुदत मिळते.

कारखान्यातील यंत्रांची घरघर, उघड्या ट्रॅक्टरवरची बैठक, पिठाची गिरणी, यांचा अंमल कानांवर असाच हळूहळू चढतो. वार्धक्य, साचलेला मळ, अ‍ॅस्पिरिनची मोठी मात्रा, क्विनीन, क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसीन, रक्तदाब, जबड्याच्या सांध्याचा बिघाड, अशीही पुष्कळ कारणे आहेत. आळ्याला रेड्याच्या समाधीचे दर्शन घेऊन परतणारा एखादा वृद्ध भाविक कानातल्या या आवाजालाच अनाहत नाद समजून संतुष्ट असेल, तर त्याचे समाधान हिरावून घेण्याची मला घाई नाही. मात्र आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, किंवा एकाएकी ऐकणेच मंदावले असेल, तर त्याने तज्ज्ञाची पायरी विनाविलंब चढावी. नाद समूळ नष्ट करणारे खात्रीचे औषध नाही. श्रवणयंत्र, रात्री पंख्यासारखा मंद आवाज आणि मनाला वळण लावणारा सल्ला यांनी तो पुष्कळसा सुसह्य होतो.

नारायणगावच्याच तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महादुर्बीण उभारताना, रेडिओ-गोंगाट कमी असलेली जागा मुद्दाम शोधण्यात आली होती. यात्रेत अशी निवड नसते. २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर कर्ण्यांना बंदी घातली ती गावाच्या झोपेसाठी. कर्ण्याशेजारी बसणाऱ्याची दाद तीत लागत नाही. म्हणून सुपारीच्या कागदावर तारीख, बिदागी, इसार यांच्या जोडीला एक कलम वाढवावे अशी माझी सूचना आहे: कर्णे वादकांच्या पुढे आणि उंचावर बांधावेत, व ढोलकी-हलगीवाल्यांना फडमालकाने फोमचे बोळे पुरवावेत, कारण कापसाचा बोळा या कामी जवळजवळ निरुपयोगी असतो. एका फडमालकांना हे बोलून दाखविले तेव्हा, “साहेब, पंचांना छातीत धडधड लागते,” असे म्हणून ते हसले. बोळ्यांची जोडी कितीला पडते, हे मात्र त्यांनी विचारून घेतले.