ताक चांगलेच, पण त्यातले पाणी?

‘ताकाला जाऊन भांडे लपवू नये’ ही म्हण ज्या काळात रुळली, त्या काळात खेड्यात ताक विकले जात नसे, मागणाऱ्याला दिले जात असे. लोणी-तूप घरासाठी किंवा बाजारासाठी राखायचे आणि ताक शेजारीपाजारी वाटायचे, असा रिवाज होता. आता पिशवीतले दूध आणि बाटलीतले ताक गावोगाव पोहोचले आहे. तरी कसारा मार्गावरच्या उंबरमाळी-खर्डीपासून मुरबाडच्या वाड्यांपर्यंत उन्हाळ्यात दुपारी पाहुण्याच्या हातात आधी ताकाचा पेला येतो. ही सवय आरोग्याच्या दृष्टीने चांगली आहे आणि ती टिकावी. मात्र ती टिकवायची, तर नेहमी न विचारला जाणारा एक प्रश्न विचारला पाहिजे : ताकात घातलेले पाणी कुठले?

आधी दह्याचे श्रेय दह्याला द्यायला हवे. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचे, म्हणजे लॅक्टोजचे, लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. आम्ल वाढले की दुधातली प्रथिने एकमेकांना धरतात आणि दही लागते. नीट लागलेल्या दह्याचा सामू साधारण साडेचारच्या आसपास असतो. इतक्या आंबट वातावरणात रोग पसरवणारे बरेचसे जंतू वाढू शकत नाहीत. शिवाय लॅक्टोजचा काही भाग आधीच संपलेला असतो आणि दह्यातले जिवाणू उरलेला भाग पचवायला मदत करतात. भारतात असंख्य प्रौढांना नुसते दूध सोसत नाही, पोट गुडगुडते, जुलाब होतात. त्यांना ताक मात्र चालते, याचे कारण हेच. आयुर्वेदानेही ताकाला मोठे स्थान दिले आहे. चरकसंहितेत मूळव्याधीच्या उपचारात तक्राचा विस्ताराने विचार आहे.

पण आंबटपणा म्हणजे उकळी नव्हे. कच्च्या दुधाला विरजण लावले म्हणून त्यातले क्षयाचे किंवा ब्रुसेलोसिसचे जंतू मरतीलच, असे नाही. ब्रुसेलोसिस हा गाई-म्हशींना गाभडवणारा आजार. माणसात तो आठवडेच्या आठवडे येणारा-जाणारा ताप, घाम आणि सांधेदुखी घेऊन येतो आणि अनेकदा ओळखूच येत नाही. ‘घरचे जनावर आहे, दूध ताजे आहे’ हा युक्तिवाद इथे उपयोगाचा नाही, कारण धडधाकट दिसणाऱ्या जनावराच्या दुधातही जंतू असू शकतो. त्यावर दोन उपाय आहेत. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत ब्रुसेलोसिसची लस मिळते, ती टोचून घ्यावी. आणि दूध पूर्ण उकळी येऊन वर येईपर्यंत तापवल्याशिवाय विरजू नये.

बहुतेक मराठी घरांत दूध तापवलेच जाते. म्हणून खरी फट दुधात नसते, ती पुढच्या टप्प्यावर असते. एक वाटी दह्यात दोन वाट्या पाणी घालून घुसळले, तर पेल्यातला दोन-तृतीयांश भाग वरून घातलेले पाणी असतो. दूध उकळले, रात्रभर आंबले. पण हे पाणी शेवटच्या मिनिटाला आले. त्याने दह्याचा आंबटपणाही पातळ केला आणि त्यातल्या जंतूंना आम्लात तास-दोन तास राहावेही लागले नाही. त्यातच काविळीचे विषाणू आम्लाला सहज दाद देत नाहीत. पाण्यातून पसरणारी ‘ई’ प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत जीवघेणी ठरू शकते. म्हणून घरात गरोदर बाई असेल तिथे हा प्रश्न चवीचा राहत नाही.

आंबवलेल्या दुधाला वरून घातलेला पदार्थ कसा घातक ठरतो, याचे उदाहरण परदेशातही आहे. १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये हेझलनटच्या चवीचे दही खाऊन २७ जणांना बॉट्युलिझमची विषबाधा झाली, त्यात एकाचा मृत्यू झाला. दोष दह्यात नव्हता. त्यात मिसळलेल्या हेझलनटच्या लगद्यात विष तयार झाले होते. आपल्याकडे हेझलनट नाही, पण विहिरीचे पाणी आहे आणि बर्फ आहे.

शहापूर तालुक्यात हा प्रश्न अधिक टोचतो. १८९२ पासून मुंबईची तहान भागवणारा तानसा तलाव याच तालुक्यात, भातसा धरणही इथलेच. तरीही एप्रिल-मे महिन्यांत इथल्याच अनेक पाड्यांवर टँकर येतो. टँकरचे पाणी अनेकदा विहिरीत ओतले जाते, तिथून दोर-बादलीने उपसले जाते, डोक्यावरून घरी येते आणि दोन-दोन दिवस हंड्यात राहते. प्रत्येक टप्प्यावर हात लागतो. विहिरीचा तळ गाठलेला असतो, तेव्हा उरलेल्या पाण्यात घाणीचे प्रमाणही वाढते. म्हणजे ताकाची गरज सर्वाधिक असते त्याच महिन्यांत ताकातले पाणी सर्वांत कमी भरवशाचे असते.

पाणी उकळून, झाकून, गार करून मगच दह्यात घालावे, हा पहिला आणि सर्वांत खात्रीचा उपाय. पण जिथे सरपण डोक्यावरून आणावे लागते, तिथे ‘पाणी उकळा’ हा सल्ला फुकटचा नाही, हेही ओळखले पाहिजे. रात्रीचा स्वयंपाक झाल्यावर त्याच चुलीवर फक्त ताकापुरते पाणी उकळून ठेवता येते. तेही जमत नसेल, तर आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या सांगितलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. आणखी एक मार्ग उन्हाचा : पारदर्शक प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत गाळलेले, नितळ पाणी भरून ती सहा तास कडक उन्हात आडवी ठेवायची. आभाळ असेल तर दोन दिवस लागतात आणि गढूळ पाण्याला हा उपाय चालत नाही. पण वैशाखातले ऊन तेवढे तरी उपयोगी पडू शकते.

बाकीची पथ्ये सोपी आहेत. दूध कोमट झाले का, हे बोट बुडवून न पाहता भांड्याला बाहेरून हात लावून पाहावे. विरजणाचा चमचा कोरडा आणि स्वच्छ असावा. दही-ताक स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात ठेवावे. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आम्लामुळे तांबे उतरते आणि मळमळ, उलट्या होतात. दह्यावर गुलाबी, हिरवा किंवा काळा डाग दिसला तर वरचा थर काढून उरलेले वापरू नये, सगळे टाकावे. फ्रीज नसेल तर उन्हाळ्यात लागेल तेवढेच ताक करावे. लग्नाच्या पंगतीत आणि महामार्गावरच्या टपरीवर मठ्ठ्यात पडणाऱ्या बर्फाचीही चौकशी करावी. खाण्यासाठी नसलेला बर्फ निळा रंगवण्याची सक्ती महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. निळसर लादी दिसली तर तो पेला नाकारावा.

ताकाकडून अवाजवी अपेक्षाही नको. रशियन शास्त्रज्ञ एली मेच्निकॉव्ह यांना १९०८ मध्ये नोबेल मिळाले ते रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी. पण आंबवलेल्या दुधाने आयुष्य वाढते हा त्यांचा तर्कच अधिक गाजला आणि तो आजवर सिद्ध झालेला नाही. मीठ घातलेले ताक जुलाबाच्या सुरुवातीला घरच्या घरी देण्याजोगे चांगले पेय आहे. एक लिटरला सुमारे तीन ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा चमचा मीठ पुरते. मात्र डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, मूल मलूल पडले, तर ओआरएस आणि दवाखाना यांना ताक हा पर्याय नाही. उन्हाने भान हरपलेल्या माणसाच्या तोंडात ताक ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. अंग ओल्या कापडाने गार करत १०८ ला फोन करावा. रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ताक बिनमिठाचे प्यावे, किती प्यावे ते डॉक्टरांना विचारावे. सहा महिन्यांखालच्या बाळाला तर आईच्या दुधाखेरीज काहीच नको.

हे सारे सांगून झाल्यावर जबाबदारी फक्त घुसळणाऱ्या बाईवर टाकून मोकळे होणे मात्र बरोबर नाही. पाण्याचा स्रोत शुद्ध ठेवणे हे ग्रामपंचायतीचे काम आहे. त्यासाठी गावात जलसुरक्षक असतो, विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची असते, पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे ओटी चाचणीने तपासायचे असते. वर्षातून दोनदा स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. आपल्या गावाला कोणते कार्ड मिळाले, टँकर जिथे रिकामा होतो त्या विहिरीत पावडर कधी पडली, हे ग्रामसभेत विचारण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे. इथे भांडे लपवण्याचे कारण नाही. ताक घरोघरी चांगलेच होते. त्यात घालायला चांगले पाणी मागितले पाहिजे, आणि ते पावसाळ्याची वाट न पाहता याच उन्हाळ्यात मागितले पाहिजे.