अंगण वाकडं? चालेल!

ऑफिसच्या पार्टीत गाणं सुरू झालं की काही मंडळींना हमखास महत्त्वाचा फोन येतो. 'नाचता येईना, अंगण वाकडं' ही म्हण यांना बघूनच सुचली असावी. आजचा कॉलम या सगळ्या फोनवाल्यांसाठी. कारण कोनामी या जपानी कंपनीने तुमची एक मस्त सोय करून ठेवली होती.

'डान्स डान्स रेव्होल्यूशन', लाडाचं नाव डीडीआर. १९९८ साली हा गेम जपानच्या आर्केडमध्ये आला. पायाखाली चार बाणांचा दणकट स्टेज, समोर स्क्रीन आणि धडधडतं म्युझिक. स्क्रीनवर बाण खालून वर सरकत जातात. ते ठरलेल्या जागी पोचले की नेमका तोच बाण पायाने दाबायचा. टायमिंग जमलं तर 'परफेक्ट', हुकलं तर 'बू'! फारच हुकत गेलं तर गाणं अर्ध्यावर बंद. आणि हे सगळं पाठीमागे जमलेल्या गर्दीसमोर. एक्स्पर्ट पोरांची चैन, बाकीच्यांची पंचाईत.

एप्रिल १९९९ मध्ये त्याची प्लेस्टेशनवरची आवृत्ती आली आणि स्टेजची झाली घडी घालून कपाटात ठेवता येणारी मॅट. कट्टर खेळाडूंनी नाकं मुरडली, त्यात त्यांचं फारसं चुकलंही नाही. आर्केडमध्ये तोल सावरायला पाठीमागे दांडा असतो, घरी तो नाही. मऊ मॅट उड्या मारता मारता सरकते. बाण कुठे संपला, हे तळपायाला कळत नाही. म्हणजे इथे अंगण खरंच वाकडं! वर खालच्या मजल्यावरच्या काकांची भीती, ती वेगळीच.

पण या मॅटने जे दिलं ते आर्केडला कधीच जमलं नसतं. दार लावून घ्यायची सोय! पुढच्या आवृत्त्यांमध्ये ट्रेनिंग मोड होता. अवघड तुकडा संथ करून हवा तितका वेळ घोटा. वर्कआउट मोडमध्ये किती कॅलरी जळल्या, त्याचाही हिशोब. २००६ साली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने तर आपल्या सर्व ७६५ सरकारी शाळांमध्ये हा गेम न्यायची योजना जाहीर केली. कारण होतं मुलांचं वाढतं वजन.

खरं सांगायचं तर आपले पाय अडत नाहीत, अडतात ते चार लोकांच्या नजरेमुळे. वाईट नाचायची मुभा मिळाल्याशिवाय कुणालाच बरं नाचता येत नाही. लहानपणी ती असते, नोकरी लागली की कुठेतरी हरवते. शिवाय डीडीआर मार्क देतो ते फक्त पायांना आणि टायमिंगला. हात, कंबर, चेहऱ्यावरचं हसू यांचं काय करायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

मात्र एक लक्षात ठेवा, हा खेळ दोघांनाही खेळता येतो. सुरुवातीला दार लावून घ्या, बिनधास्त 'बू' खा. पण कधीतरी दुसरी मॅट अंथरा आणि दार उघडा. फोन तेवढा सायलेंटवर!