विमानातील सेवकवर्ग आणि आपले सौजन्य

वरिष्ठांपुढे नम्र होण्यास शील लागत नाही. भयानेही ते काम भागते. परंतु जो आपणांस उलट उत्तर देऊ शकत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, यावरून मनुष्याची योग्यता खरोखर कळते. पूर्वी घरचा गडी किंवा स्टेशनावरील हमाल यांच्याशी होणाऱ्या बोलण्यावरून ती ओळखली जाई. आता विमानप्रवास पुष्कळ कुटुंबांच्या आटोक्यात आला आहे. सुट्टीत विमानाने जाणारे विद्यार्थी आपल्या वाचकांतही असतील. म्हणून तेथील सेवकवर्गाशी आपले वर्तन कसे असावे, याचा थोडा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

विमानात आपली व्यवस्था पाहणाऱ्या स्त्रियांस ‘हवाई सुंदरी’ म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात पडला, आणि या नावानेच मोठा घोटाळा केला. त्यावरून कोणासही वाटावे की, ही मंडळी शोभेसाठी व चहा-फराळ देण्यासाठीच नेमलेली असतात. वस्तुस्थिती निराळी आहे. स्त्रियांमध्ये हा पेशा प्रथम पत्करणारी एलन चर्च ही अमेरिकन तरुणी मुळात शिकलेली परिचारिका होती. तिने १५ मे १९३० रोजी या कामास आरंभ केला. आजही आग विझविणे, मूर्च्छित प्रवाशावर प्रथमोपचार करणे, संकटसमयी दारे उघडून लोकांस खाली उतरविणे, हे या सेवकांचे मुख्य शिक्षण होय. मोठ्या प्रवासी विमानास मान्यता मिळण्यापूर्वी, निम्मी दारे बंद ठेवूनही सर्व माणसे ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, असे सिद्ध करावे लागते. ती बाहेर काढण्याचा भार या सेवकांवरच असतो. फराळाचे तबक हे त्यांच्या कामाचे केवळ दर्शनी अंग आहे.

याचा प्रत्यय २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर आला. जपान एअरलाइन्सचे विमान उतरताना धावपट्टीवरील तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले व पेटले. त्या दुसऱ्या विमानातील पाच जण दुर्दैवाने मृत्यू पावले. परंतु पेटलेल्या प्रवासी विमानातील ३७९ माणसे, एकूण एक, जिवंत बाहेर पडली. सूचना देण्याचे यंत्र बंद पडले होते आणि आठ दारांपैकी तीनच उपयोगी पडण्याजोगी होती. सेवकांनी कर्ण्याने व मोठ्याने ओरडून वाट दाखविली, आणि प्रवाशांनी सामानाचा मोह सोडून त्यांचे ऐकले. या दुसऱ्या गोष्टीकडे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. ज्याला आपण एरवी तुच्छ लेखतो, त्याची आज्ञा प्रसंगी पाळण्यास मन सहसा धजत नाही. सौजन्य हे येथे केवळ भूषण नसून प्राणरक्षणाचे साधन ठरते.

आपल्या मुंबईत शिकलेल्या नीरजा भनोत हिचे नाव तर सर्वांच्या परिचयाचे आहे. मुंबईहून निघालेले तिचे विमान ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत सशस्त्र लोकांनी बळकावले. तिने प्रथम वैमानिकांस सावध केले आणि अखेरीस गोळीबार सुरू झाला तेव्हा दार उघडून प्रवाशांस बाहेर पाठविता पाठविता प्राण वेचले. तिचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. तिला मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. त्या दिवशी विमानात चढताना तिने केलेल्या नमस्काराकडे कितीकांनी मान वर करून पाहिले असेल?

यावर कोणी म्हणतील, “आम्ही पुरते पैसे मोजले आहेत, सेवा करणे हे त्यांचे कामच आहे.” सेवा करणे हे त्यांचे काम खरे, पण अपमान सोसणे हे काम नव्हे. तिकिटाने आसन मिळते, माणूस विकत मिळत नाही. विमानास उशीर झाला, तर तो बहुधा धुक्याचा किंवा यंत्राचा दोष असतो. त्याचा राग समोर उभ्या असलेल्या मुलीवर काढणे न्यायाचे नव्हे. तिचे हसणे तिच्या नोकरीचे बंधन आहे. बांधलेल्या हातांवर प्रहार करण्यात पुरुषार्थ कोणता? खरीच तक्रार असेल, तर ती कंपनीकडे शांतपणे लेखी करावी. भारत सरकारच्या विमानवाहतूक खात्याने २०१७ साली उद्दाम प्रवाशांवर प्रवासबंदी घालण्याचे नियम केले. अपशब्दांसाठीही तीन महिन्यांपर्यंत बंदी ठरविली. सुशिक्षितांसाठी असे नियम करावे लागावेत, ही भूषणाची गोष्ट नाही.

करावयाचे ते फार थोडे आहे. दारातील नमस्काराचा स्वीकार करावा. सुरक्षिततेच्या सूचना चालू असता कानांतील यंत्रे काढून ऐकावे. चुटकी वाजवून अथवा अंगास स्पर्श करून कोणास बोलावू नये. ‘अरे’, ‘अगं’ न म्हणता ‘अहो’ म्हणावे. परवानगीवाचून कोणाचे छायाचित्र घेऊ नये. उतरताना आभार मानण्यास विसरू नये.

पालकांसही एक नम्र विनंती आहे. पाण्याचा पेला हाती घेताना आपण जो शब्द उच्चारता, तो शेजारच्या आसनावरील मूल ऐकत असते. शाळेत आम्ही सौजन्यावर कितीही धडे दिले, तरी त्या एका शब्दापुढे ते फिके पडतात.