फोटो दोघांचा, तयारी एकटीची का?

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि दवाखान्यात एक ठरावीक विचारणा वाढू लागते. मुलीची आई हळूच म्हणते, "डॉक्टरसाहेब, लग्नाला दीड महिना राहिलाय. चेहरा जरा उजळेल असं काहीतरी लिहून द्या, फोटो चांगले आले पाहिजेत." पूर्वी फोटो म्हणजे अक्षता पडताना एक आणि नातेवाइकांबरोबर दहा-वीस. आता लग्नाआधीच वधूवर नळदुर्गच्या किल्ल्यात नाहीतर एखाद्या तलावाकाठी जाऊन फोटो काढून घेतात. हौसेला आमचा विरोध नाही. पण त्यापायी अंगावर काय येते, हे सांगणे आमचे काम आहे.

गोरेपणासाठी म्हणून सर्रास लावल्या जाणाऱ्या काही मलमांत स्टिरॉइड असते. हे औषध मुळात इसब, सोरायसिस अशा त्वचारोगांसाठी आहे. पहिले दहा-पंधरा दिवस चेहरा खरोखरच उजळ दिसतो, म्हणून मैत्रीण मैत्रिणीला सांगते. पुढे त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात, मुरमे उठतात, गालावर लव वाढते. मलम थांबवले की चेहऱ्याची आग आग होते. ही वेळ हळदीच्या आठवड्यात आली तर काय करणार? अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला आहे. तरीही मेडिकलमध्ये नुसते नाव सांगून ट्यूब घेणारे रोज दिसतात.

ज्या डबीवर कंपनीचे नाव नाही, घटक लिहिलेले नाहीत, ती क्रीम तर याहून वाईट. अकोल्यातील एका विशीतल्या विद्यार्थिनीने, तिच्या आईने व बहिणीने अशी स्थानिक क्रीम वापरली आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाल्यावर क्रीममध्ये पारा असल्याचे आढळले. २०२३ साली ही बातमी वर्तमानपत्रांत आली होती. पारा त्वचेचा रंग तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून गोरेपणा येतो. पण तो कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाची गाळणी खराब करतो. लघवीला फेस येणे, पायांवर, डोळ्यांखाली सूज येणे ही त्याची लक्षणे. अशी क्रीम लावणाऱ्या कोणालाही ती दिसली, तर आधी लघवी तपासून घ्यावी.

आता मुलीचा चेहरा निस्तेज का दिसतो, ते पाहू. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली की बहुतेक वेळा उत्तर मिळते. रक्त कमी असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन आठ असलेल्या मुलीला कोणती क्रीम तजेला देणार? सुपारी फुटली की लगेच रक्त तपासावे. कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या दोन-तीन महिने घ्याव्यात, गोळीबरोबर चहा घेऊ नये, जेवणात पालेभाजी आणि लिंबू असावे. काही मुली बारीक दिसण्यासाठी रात्रीची भाकरीच सोडतात. त्याचा सूड केस दोन-तीन महिन्यांनी उगवतात. पुंजकेच्या पुंजके गळतात.

आणि नवरदेव? त्याच्यासाठी कोणीच काही विचारायला येत नाही. शेरवानी शिवली की त्याची तयारी झाली! महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी जिल्ह्यातल्या किती नवरदेवांना फोटोत ओठ मिटून हसावे लागते, ते अल्बम उघडून पाहावे. दात साफ करून घेणे सोपे आहे. खरी काळजी पुढची आहे. पंगतीत नवरी घास भरवते, फोटोग्राफर "अजून थोडं तोंड उघडा" म्हणतो, आणि ते उघडतच नाही. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे प्रत्येक गुटखा-सुपारी खाणाऱ्याने घरी पाहावे. जात नसतील, तिखट झोंबत असेल, तर दंतवैद्याला लगेच दाखवावे. या रोगातून पुढे कर्करोग होऊ शकतो. गुटखा आजच सोडावा. आखडलेले तोंड नुसत्या सोडण्याने पूर्ववत होत नाही, पण वाढते नुकसान थांबवता येते. मुलीकडच्यांनीही पत्रिकेबरोबर हे बघायला हरकत नाही.

शेवटी लग्नाच्या दिवसाबद्दल. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारचे मुहूर्त असतात. जड शालू नेसून लघवीला जाणे अवघड, म्हणून नवरी सकाळपासून पाणीच पीत नाही. त्यात कोणी उपवास धरायला लावतो. मग स्टेजवर चक्कर येते, आणि दोन दिवसांनी लघवीला जळजळ घेऊन ती दवाखान्यात येते. नवरदेव रात्रभर जागून, उन्हात वरातीपुढे नाचून तसाच बोहल्यावर चढतो. दोघांनीही आदल्या रात्री झोप घ्यावी, सकाळी पोटभर नाश्ता करावा. नवरीजवळ एक करवली फक्त पाण्याच्या बाटलीसाठी आणि तिला बाथरूमपर्यंत नेण्यासाठी नेमून ठेवावी, आणि हे काम कोणाचे, ते आदल्या दिवशीच ठरवावे.