आप्पा, एक विचारू?

खान्देशी माणूस कशावरही बोलतो, बॉस! जळगावात केळीचा भाव, धुळ्यात कापसाचा, आणि भरीत पार्टीत तिखट कमी पडलं तर त्याचा पंचनामा. पण प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर 'तिथे' काय होतंय, हा विषय निघाला की सगळे सायलेंट मोडवर.

तुम्ही म्हणाल, हा तर आप्पा-काकांच्या वयाचा विषय, आपल्या पानावर कशाला? अहो, फाईल घेऊन मुंबईला टाटा हॉस्पिटलच्या रांगेत कोण उभं राहतं? आपणच ना!

आधी एक कन्फ्युजन क्लिअर करू. नुसती वाढलेली ग्रंथी असेल तर दुर्बिणीतून आतून खरवडतात. कॅन्सर असेल तर अख्खी ग्रंथी काढतात. आजचा विषय हे दुसरं ऑपरेशन. त्यानंतर काही पुरुषांच्या लिंगात कडक गाठ किंवा पट्टा तयार होतो. ताठरता येताना ते वाकतं, दुखतं, आखूड वाटतं. याचं नाव पेरोनीज डिसीज. फ्रान्सच्या पंधराव्या लुई राजाचे सर्जन ला पेरोनी यांनी १७४३ मध्ये त्याचं वर्णन केलं. राजवाड्यात बोललं गेलं, आपल्या वाड्यात मात्र अजून नाही!

न्यूयॉर्कच्या २०१० च्या एका अभ्यासात असं ऑपरेशन झालेल्या १,०११ पुरुषांपैकी १५.९ टक्क्यांना हा त्रास आढळला, सरासरी चौदा महिन्यांनी. अर्थात हे सगळे लैंगिक तक्रारींच्या क्लिनिकमध्ये आलेले पेशंट, त्यामुळे सरसकट सगळ्यांना हा आकडा लावू नका.

कारण? एकच असं सिद्ध झालेलं नाही, पण संशयित बरेच आहेत. ताठरतेच्या नसा ग्रंथीला चिकटून जातात. वाचवल्या तरी ओढाताण होते आणि त्या कित्येक महिने झोपी जातात. ताठरता नाही म्हणजे ऑक्सिजनवालं रक्त कमी, आणि मग मऊ स्नायूंच्या जागी चिवट धागे. दुसरा संशयित, अर्धवट ताठरतेत केलेली घाई. त्यात आतल्या आवरणाला बारीक इजा होते आणि ती भरताना व्रण राहतो. ताठरतेसाठी तिथेच घेतलेली इंजेक्शनं, लघवीची नळी, डायबेटिस, घराण्यातली प्रवृत्ती, ही नावंही यादीत आहेत.

धुळ्यातल्या माझ्या एका मित्राचे वडील आठ महिने गप्प होते. त्यांना वाटलं, कॅन्सरच परत आला! हा व्रण म्हणजे कॅन्सर नव्हे. पण कुठलीही गाठ युरॉलॉजिस्टला दाखवायचीच, आणि लवकर. भिंतीवरच्या जाहिरातीतलं तेल चोळत बसायचं नाही.

तेव्हा पुढच्या चेकअपला जाताना गाडीत सरळ विचारा, "आप्पा, गाठ, दुखणं, वाकडेपणा असं काही आहे का? डॉक्टरांना सांगू." दोघांनाही दोन मिनिटं लाज वाटेल, बस्स. नाहीच जमलं, तर हे पान त्यांच्या पेपरात सरकवून द्या!