पिशवी गेली, पण सोबत काय गेले?



मागच्या महिन्यात मराठवाड्यातून एका भगिनीचे पत्र आले. वहीच्या दोन पानांवर, मुलीच्या अक्षरात. सुरुवातीला 'सप्रेम जयभीम' आणि लगेच मुद्द्याला हात. ती लिहिते, "माझं वय तेहतीस. दोन वर्षांमागं पिशवीचं आपरेशन झालं. अंगावर पांढरं जायचं, पोटात दुखायचं. डॉक्टर म्हणले, पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल. उचलीतून पैसे काढून आपरेशन केलं. आता पाळीचा त्रास नाही, पण रात्री अंगातून वाफा निघतात, घामानं अंथरूण भिजतं. कंबर, गुडघे धरतात. मोळी उचलवत नाही. उगीच रडू येतं. सासूबाई म्हणतात, बाहेरचं झालंय, देवऋष्याकडं चल. तुम्ही सांगा, माझं काय झालं?"

ताई, बाहेरचे काही झालेले नाही. देवऋष्याला द्यायचे पैसे आधी बाजूला ठेवा, ते तपासणीला लागतील. तुम्हाला जे होते आहे त्याचे कारण बहुधा तुमच्या शरीरातच आहे. खरे तर जे शरीरात होते आणि आता नाही, त्यात आहे.

आपल्या बोलण्यात 'पिशवी' या एका शब्दात सारे येते. पण आत दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. मधोमध गर्भाशय, म्हणजे गर्भपिशवी. ती साधारण मुठीएवढी. मूल वाढते ते तिच्यात आणि पाळीचे रक्त येते ते तिच्या आतल्या अस्तरातून. तिच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढे दोन अंडाशय असतात. दर महिन्याला स्त्रीबीज तयार होते ते तिथे. हेच अंडाशय आणखी एक काम गुपचूप करत असतात. ते रक्तात एक रस सोडतात. त्याचे नाव इस्ट्रोजेन.

आता ऑपरेशनमध्ये नुसती गर्भपिशवी काढली आणि अंडाशय ठेवले, तर पाळी बंद होते पण इस्ट्रोजेन बनत राहते. (अशा बायकांचे अंडाशयही इतरांपेक्षा थोडे लवकर थकतात, हे मात्र आढळले आहे.) पण पिशवीसोबत दोन्ही अंडाशय काढले, तर शरीरातले इस्ट्रोजेन एक-दोन दिवसांत एकदम खाली येते. निसर्गाने पंचेचाळीस-पन्नाशीच्या सुमारास, काही वर्षे घेऊन, सावकाश आणायची ती अवस्था एकतिसाव्या वर्षी एका दुपारी येते. ऑपरेशनच्या आधी हे किती जणींना सांगितले जाते?

इस्ट्रोजेन हे संप्रेरक आहे. इंग्रजीत हार्मोन म्हणतात. एका जागी तयार व्हायचे आणि रक्तातून दूरच्या अवयवाला निरोप द्यायचा, हे संप्रेरकाचे काम. त्याचे प्रमाण ऐकून थक्क व्हाल. एक ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करा. पाळी चालू असलेल्या बाईच्या एक मिलिलिटर रक्तात त्यातले साधारण तीस ते चारशे भाग एवढेच हे इस्ट्रोजेन असते. महिन्याभरात ते चढते, उतरते. एवढ्याशा मात्रेवर डोक्यापासून टाचेपर्यंतचा कारभार चालतो.

त्याचा शोध लागला तो १९२३ साली अमेरिकेत. एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी या दोघांनी कत्तलखान्यातून डुकरिणींचे अंडाशय आणले, त्यातला द्रव काढला आणि तो उंदरांना टोचून परिणाम पाहिला. १९२९ साली डॉइझी यांनी गरोदर बायकांच्या लघवीतून हे संप्रेरक शुद्ध स्फटिकाच्या रूपात वेगळे केले. त्याच वर्षी जर्मनीत आडोल्फ बुटेनांट यांनीही ते केले. नाव मात्र ठेवले ते ग्रीक शब्दावरून, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे गोमाशी! माशी चावल्यावर जनावर उधळते तशी माजावर आलेली मादी, अशी ती कल्पना. बाईच्या शरीरातल्या इतक्या उपयोगी वस्तूला हे नाव मिळावे, याचा मला राग येतो. पण आता ते रूढ झाले आहे.

मुलगी आठ ते तेरा वर्षांची असताना अंडाशय जागे होतात. छाती भरू लागते, उंची झपाट्याने वाढते आणि मग पाळी येते. पाळी आल्यावर उंची फारशी वाढत नाही, हे आयांनी पाहिलेले असते. तेही इस्ट्रोजेनचेच काम. हाडांच्या टोकांना वाढीची जी कूर्चा असते, ती इस्ट्रोजेन हळूहळू बंद करते. पुढे दर महिन्याला गर्भाशयाचे अस्तर जाड करणे, योनीची त्वचा ओलसर व मजबूत ठेवणे, ही त्याची कामे बहुतेकींना ऐकून माहीत असतात. गरोदरपणात वारेतूनही ते मोठ्या प्रमाणात तयार होते.

पुरुषांनी हे पान उलटू नये. इस्ट्रोजेन पुरुषांच्या शरीरातही असते. पुरुषी संप्रेरकाचा थोडा भाग शरीर स्वतःच बदलून त्याचे इस्ट्रोजेन करते. त्याची गरज किती, ते १९९४ साली जगाला कळले. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या रक्तात इस्ट्रोजेन होते, पण जन्मतः असलेल्या दोषामुळे त्याच्या शरीराला त्याचा निरोपच ऐकू येत नव्हता. परिणाम काय झाला? उंची २०४ सेंटिमीटर, आणि अजून वाढतच होती. हाडांचे वय पंधरा वर्षांच्या मुलाएवढे. आणि एवढ्या धिप्पाड तरुणाची हाडे विरळ झालेली! तेव्हा हा केवळ 'बायकांचा रस' नव्हे.

हाडांचे थोडे नीट समजून घेऊ, कारण आपल्या घरातल्या बाईचे पोट तिच्या हाडांवर चालते. डोक्यावर घमेले, पाठीवर मोळी, कमरेवर हंडा. हाड म्हणजे दगड नव्हे. तिथे रोज पाडकाम आणि बांधकाम दोन्ही चालू असते. एका जातीच्या पेशी जुने हाड खणून काढतात, दुसऱ्या जातीच्या पेशी गवंड्यासारख्या नवे भरतात. तिशीपर्यंत भरती जास्त असते. नंतर हिशेब बरोबरीत चालतो, कारण इस्ट्रोजेन पाडकाम करणाऱ्यांना आवरून धरते. इस्ट्रोजेन गेले की मुकादमच गेला. पाडणारे मोकाट सुटतात, गवंडी मागे पडतात. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाड सर्वांत वेगाने झिजते. पन्नाशीला हे सुरू झाले तर म्हातारपणी मनगट, मणका, खुबा मोडण्याची भीती. एकतिशीला सुरू झाले तर चाळिशी-पंचेचाळिशीतच, म्हणजे पोरे अजून शिकत असताना.

रक्तवाहिन्या लवचिक ठेवण्यातही इस्ट्रोजेनचा हात आहे. म्हणूनच पाळी चालू असलेल्या वयात बायकांना हृदयविकार पुरुषांपेक्षा कमी होतो, आणि पाळी गेल्यावर हा फरक घटत जातो. तरुण वयात दोन्ही अंडाशय काढलेल्या बायकांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो. मेंदूत शरीराचे तापमान सांभाळणारे जे केंद्र आहे, तेही इस्ट्रोजेनच्या सवयीचे असते. ते एकदम काढून घेतले की केंद्र बावचळते आणि थंडीतही घाम फोडते. ताई, तुमच्या वाफा त्या ह्याच. झोप मोडणे, चिडचिड, रडू येणे हेही त्याच कुळातले. संबंधाच्या वेळी आग होणे, लघवीला वारंवार जळजळ होणे, हेही. हे शेवटचे तुम्ही लिहिलेले नाही, पण बायका ते लिहीत नाहीतच.

आता हे एकट्या तुमचेच का नाही, ते सांगतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याच्या बातम्या २०१९ साली आल्या. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचे पिशवीचे ऑपरेशन झालेले निघाले. म्हणजे सहा जणींमागे एक. देशभरची २०१५-१६ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी पाहिली, तर पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत हे प्रमाण तीनच्या आसपास होते. तेव्हा ऊसतोडणी बायकांच्या पिशव्या देवाने वेगळ्या मातीच्या केल्या आहेत का? नाही. कारण फडात आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस चुकला की खाडा. पाळीत पोट दुखले तरी सुट्टी नाही, धुवायला पाणी नाही, आडोसा नाही. त्यातून जंतुसंसर्ग होतो, पांढरे जाते. मग कुणी 'एकदाच काढून टाक, कटकट मिटेल' म्हटले तर ते पटते. सगळेच डॉक्टर तसे नसतात. समजावून, गोळ्या देऊन परत पाठवणारेही आहेत. पण पांढरे जाण्यावर बहुतेक वेळा उपाय असतो तो आठवड्याभराच्या औषधाचा, आणि ते नवरा-बायको दोघांनी घ्यावे लागते का तेही विचारावे. 'पुढे कॅन्सर होईल' एवढ्या धाकावर पिशवी काढायची नसते. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी रुग्णालयात होते, आणि तिला पोट फाडावे लागत नाही. अंगावर फार जात असेल तरी आधी सोनोग्राफी, रक्त वाढवण्याच्या गोळ्या, रक्तस्राव कमी करणारी औषधे हा क्रम असतो. मोठ्या गाठी, कॅन्सर, कशानेच न थांबणारा रक्तस्राव अशा वेळी पिशवी काढणे योग्यच. तेव्हा घाबरून मागे हटू नये. मात्र 'अंडाशय ठेवणार की काढणार, आणि काढणार तर का?' हा प्रश्न सहीच्या आधी विचारावा. विनाकारण होणाऱ्या या ऑपरेशनांना आळा घालण्यासाठी केंद्राच्या आरोग्य खात्याने २०२२ साली नियम केले. ते सर्व राज्यांनी लागू करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला आहे.

मग गेलेले इस्ट्रोजेन बाहेरून देता येते का? येते. या गोळ्या १९४२ पासून अमेरिकेत मिळू लागल्या. त्या गाभण घोडींच्या लघवीपासून बनवत. साठच्या दशकात तिथे अशी हवा झाली की गोळी खा आणि कायम तरुण राहा. मग २००२ साली सोळा हजारांवर बायकांवरचा एक मोठा प्रयोग मध्येच थांबवावा लागला. इस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीचे दुसरे संप्रेरक घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला स्तनाच्या कॅन्सरचे आठ आणि पक्षाघाताचे आठ रुग्ण जास्त निघाले. खुब्याचे मोडणे मात्र पाचने कमी. जगभर बायकांनी भीतीने गोळ्या फेकल्या. पुढे लक्षात आले की त्या प्रयोगातल्या बायकांचे सरासरी वय त्रेसष्ट होते. साठ वर्षांच्या बायकांचा हिशेब तिशीतल्या बाईला लावून चालत नाही. जिचे अंडाशय चाळिशीच्या आत गेले, तिला दुसरी अडचण नसेल तर नैसर्गिकपणे पाळी जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीच्या आसपास, इस्ट्रोजेन द्यावे असाच आज तज्ज्ञांचा सल्ला आहे. कारण तिला ते जास्तीचे नसते, तिचे होते तेच परत द्यायचे असते. गर्भपिशवी काढलेली असेल तर सहसा एकटे इस्ट्रोजेन पुरते. पिशवी असताना एकटे इस्ट्रोजेन दिले तर अस्तर वाढून कॅन्सरचा धोका येतो, म्हणून जोडीला दुसरे संप्रेरक लागते. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पायात वा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली असेल, यकृत खराब असेल, तर ही गोळी चालत नाही. त्यामुळे शेजारणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून आणू नये.

तेव्हा ताई, आधी ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड शोधा. मुलगी शिकलेली आहे, तिला वाचायला लावा. त्यात अंडाशयाचा उल्लेख आहे का पाहा. कार्ड हरवले असेल तर त्या दवाखान्यातून कागदपत्रांची प्रत मागा. तो तुमचा हक्क आहे. काढलेला भाग तपासायला पाठवला होता का, त्याचा अहवाल कुठे आहे, तेही विचारा. मग जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात जा आणि स्पष्ट सांगा, "माझे वय तेहतीस आहे, अंडाशय काढले आहेत, मला इस्ट्रोजेनची गरज आहे का ते पाहा." अंडाशय ठेवलेले निघाले, तर रक्ताची एक तपासणी करून ते काम करतात का ते कळते. तोवर नाचणीची भाकरी सोडू नका. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तीळ, राजगिरा, पालेभाजी, मिळेल तेव्हा दूध किंवा काट्यासकट खायची बारीक मासळी. ऊन तुम्हाला पुरेसे मिळतेच. मिश्री लावत असाल तर ती बंद करा. जड मोळी शक्य तोवर दुसऱ्याने उचलावी, हे नवऱ्याला वाचून दाखवा.

घरात कुणा आजीची किंवा मावशीची पाळी जाऊन वर्ष उलटले असेल आणि पुन्हा रक्त दिसले, तर 'उष्णता' म्हणून घरी बसू नये. एक थेंब असला तरी तपासणी लागते.

पत्राच्या शेवटी लेखणी धरणाऱ्या मुलीने आपल्या वतीने एक ओळ लिहिली आहे: "मला पण पाळीत दुखतं, माझी पण पिशवी खराब असेल का?" नाही, बाळ. तुझ्या वयात पाळीत दुखणे नेहमीचे असते. गरम पाण्याची पिशवी पोटाला लाव. शाळा बुडण्याइतके दुखत असेल तर आईसोबत आरोग्य केंद्रात जाऊन दाखव. आईचे कार्ड सापडले की त्यावर लिहिलेले शब्द जसेच्या तसे उतरवून मला पाठव. नाव-गाव लिहू नकोस.